78,500 कुठून आले?

गुरुवारी संध्याकाळी तू लॅपटॉप घेऊन घरी आलास, चहा घेतलास, आणि निघता निघता म्हणालास, "सर, एवढं काही नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनिंगला थोडा फरक येत होता, तो सस्पेन्सला टाकलाय." शेजारी तुझे वडील बसले होते म्हणून मी गप्प राहिलो. बापासमोर मुलाला बोलू नये, एवढं मला कळतं. आता ते समोर नाहीत. आता नीट ऐक.

अकरावीला तू दुसऱ्या बाकावर बसायचास. तेरजेच्या दोन बाजू जुळल्या नाहीत की शेवटच्या ओळीत काहीतरी खातं लिहून बेरीज सारखी करायचास. मी तुझी वही तीनदा परत केली होती. चौथ्यांदा तू रडलास, पण चूक शोधून आणलीस. तो मुलगा हुशार होता. त्यानंतर पंधरा वर्षांत तू दुकान वाढवलंस, टेम्पो घेतलास, सांगलीत दोन माणसं नोकरीला ठेवलीस, आणि शेवटच्या ओळीत फरक कोंबायची सवय मात्र परत उचललीस.

आधी त्या पाईपच्या घाऊक व्यापाऱ्याचं घेतो, कारण गुरुवारी रात्री माझी झोप त्यानेच उडवली. जूनमध्ये तुझ्या नव्या सॉफ्टवेअरने दाखवलं की त्या व्यापाऱ्याकडूनच तुमचे 46,500 रुपये येणे आहेत. तू वडिलांना तसं सांगितलंस. वडिलांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, फोन उचलला, आणि ज्या माणसाशी तीस वर्षं व्यवहार केला त्याच्याकडे पैसे मागितले. तो माणूस भला, भांडला नाही. त्याने खातं काढलं, 29 मार्चच्या चेकचा नंबर वाचून दाखवला, कोणत्या बिलापोटी आला होता तेही सांगितलं, आणि एवढंच म्हणाला, "अण्णा, एकदा तुमच्याकडे बघून घ्या." हे मला वडिलांनी सांगितलं, तू आत पाणी प्यायला गेला होतास तेव्हा. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

हे कसं घडलं, ते तुला अजून कळलेलं नाही. म्हणून एकेक पायरी सांगतो.

31 मार्चला तुमच्या पुस्तकात बँकेची शिल्लक होती 3,12,450. पासबुकात होती 3,58,950. मधले 46,500 म्हणजे तोच चेक, दिलेला पण अजून न वटलेला. बँक जुळवणी पत्रकाचं हे पहिलं उदाहरण असतं, फळ्यावर मी ते दर वर्षी सोडवून दाखवत आलो. तू काय केलंस? नव्या सॉफ्टवेअरमध्ये बँकेपुढे पासबुकाचा आकडा टाकलास, कारण "बँकेचा आकडा खरा". 3 एप्रिलला चेक वटला. स्टेटमेंटमध्ये 46,500 गेलेले दिसले. ते कोणाला दिले असं सॉफ्टवेअरने विचारलं, तू व्यापाऱ्याचं नाव निवडलंस. जी रक्कम मार्चमध्येच त्याच्या खात्याला नावे पडून खातं मिटलं होतं, ती एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा नावे पडली. तुझी बँक पैशापैशाने जुळली, म्हणून तुला वाटलं सगळं बरोबर आहे. चूक बँकेच्या खात्यातून निघून व्यापाऱ्याच्या खात्यात जाऊन बसली होती. तिथून ती वडिलांच्या तोंडून फोनवर गेली.

आता तुझा तो "थोडा फरक". नावेची बाजू जमेपेक्षा 78,500 ने जास्त येत होती आणि तू जमेला सस्पेन्स लिहून मोकळा झालास. त्या रात्री तू ठेवून गेलेले दोन कागद, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरची तेरीज आणि नव्याची, मी शेजारी शेजारी ठेवून ओळीने पेन्सिलीच्या खुणा करत गेलो. पाऊण तास लागला. चष्मा पुसायचा वेळ त्यात धरलाय. बँकेचे 46,500 सांगितलेच. दुसरं, एका बिल्डरने माल उचलण्याआधी दिलेली 25,000 ची आगाऊ रक्कम. ती तुमच्यावरचं देणं आहे, जमेला हवी. ग्राहकांच्या यादीत नाव होतं म्हणून तू ती डोळे झाकून नावेला टाकलीस. एका चुकीचे दोन परिणाम, 50,000 चा फरक. तिसरं, एका सुताराकडून 64,300 यायचे होते, तू 46,300 लिहिलेस. त्यात नावे बाजू 18,000 ने कमी झाली. 46,500 आणि 50,000 मिळव, 18,000 वजा कर. झाले 78,500.

मी शिकवलेल्या दोन युक्त्या तुला आठवत असतील. फरक दोनने भागावा, तेवढीच रक्कम कुठे चुकीच्या बाजूला पडली आहे का ते पाहावं. आणि फरकाला नऊने भाग गेला तर अंक उलटे पडलेत का ते तपासावं. तुझ्या 25,000 ला पहिली लागू होती आणि सुताराच्या 18,000 ला दुसरी. पण 78,500 च्या अर्ध्या रकमेचं खातंच तुमच्याकडे नाही आणि त्याला नऊने भागही जात नाही. चूक एकटी असते तेव्हा युक्ती चालते. तीन चुका एकमेकींत मिसळल्या की खात्यामागून खातं तपासण्याशिवाय मार्ग नाही. सस्पेन्स खातं कशासाठी असतं? सापडत नाही तोपर्यंत, शोध चालू असताना, दोन-चार दिवस रक्कम उभी करायला. तू एप्रिलमध्ये उभी केलीस आणि ऑगस्ट उजाडला. या चार महिन्यांत एकदा तरी ते खातं उघडलंस का? मी विचारलं तेव्हा तुला ते कोणत्या गटात ठेवलंय हेही सांगता आलं नाही.

आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने तुला अंधारात ठेवलेलं नसतं. टॅली ताळेबंदातच 'डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस' अशी ओळ दाखवते. झोहो बुक्स तो फरक 'ओपनिंग बॅलन्स ॲडजस्टमेंट्स' या खात्यात नेतं. क्विकबुक्समध्ये तो 'ओपनिंग बॅलन्स इक्विटी'त दिसायचा. नावं वेगळी, अर्थ एकच: आणलेल्या शिलकांचा ताळा लागलेला नाही. तुझं म्हणणं होतं की डेटा आपोआप आला. आपोआप काही येत नाही. एक्सेलच्या रकान्यात तू जे भरलंस ते आलं. जमेच्या रकमेमागचं वजा चिन्ह गाळलंस, तर तीही नावेला येईल. दुकानात येऊन ते बसवून देणाऱ्या मुलाने सांगितलं, "फरक नंतर ॲडजस्ट होतो." त्या मुलाचं काम प्रोग्राम चालू करून देण्याचं. तुमच्या सुताराने किती द्यायचे आहेत हे त्याला कुठून माहीत असणार? ते तुला माहीत हवं.

सॉफ्टवेअर बदललंस याचा मला राग नाही. बदलावं लागतं. 2023 च्या सुरुवातीला क्विकबुक्सने भारतातली सेवा बंद केली तेव्हा कितीतरी जणांना दुसरीकडे जावं लागलं. त्याच वर्षीच्या 1 एप्रिलपासून कंपन्यांना असं सॉफ्टवेअर सक्तीचं झालं की ज्यात प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही, त्यामुळे अनेक प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांनी जुनं सोडलं. तुमची मालकी पेढी, तो नियम तुम्हाला नाही, तरी मोबाईलवर बिल निघावं म्हणून तू बदललंस. चांगलं केलंस. 1 एप्रिलची तारीख निवडलीस हेही शहाणपणाचं. वर्षाच्या मध्येच बदललं असतंस तर विक्री, खरेदी, भाडं, पगार यांचे तोपर्यंतचे आकडेही आणावे लागले असते आणि बिलांचे नंबर त्याच वर्षात दुसऱ्यांदा एकपासून सुरू होऊन जीएसटीत घोटाळा झाला असता. 1 एप्रिलला ही नामधारी खाती शून्यावर येतात, नफा भांडवलाला जातो, उचल त्यातून वजा होते. सोपा दिवस निवडूनही तू हे केलंस, म्हणून जास्त बोलतोय.

तुझ्या वडिलांची कीर्द मी पाहिली आहे. सॉफ्टवेअर येण्याआधी मी दुकानात खिळे आणायला जायचो तेव्हा ती गल्ल्याशेजारी असायची, लाल कापडी बांधणीची. रोज सकाळी पहिली ओळ 'श्री शिल्लक'. आदल्या रात्रीचा आकडा मागच्या पानावर तयार असायचा, उतरवून घ्यायला एक मिनिट पुरलं असतं. ते तसं करत नसत. आधी गल्ला ओतायचे, नोटा लावायचे, चिल्लर वेगळी मोजायचे, आणि मोजलेलं व लिहिलेलं एक आलं की मगच 'श्री' काढायचे. एकदा सात रुपये कमी भरले तर गिऱ्हाईक उभं असताना त्यांनी कीर्द उघडी ठेवली, रात्रीच्या पावत्या चाळल्या आणि हमालाला दिलेले चहाचे सात रुपये सापडल्यावरच पुढची ओळ लिहिली. तेरीज, ताळेबंद, रोजकीर्द हे शब्द पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांवर आहेत. इतक्या पिढ्यांनी हे शब्द वापरले ते शिल्लक पुढे ओढताना ती तपासून घ्यायची असते म्हणून. सात रुपयांसाठी थांबणाऱ्या माणसाच्या मुलाने 78,500 वर पांघरूण घातलं.

आता तू म्हणशील, सर, तीन चुका सापडल्या, दुरुस्त करतो, सस्पेन्स शून्य, विषय संपला. संपला नाही. समज, पहिल्याच दिवशी दोन्ही बाजू जुळल्या असत्या. तरी तुझं काम चुकलेलंच होतं. तेरीज जुळली म्हणजे फक्त नावे आणि जमा सारखे झाले, एवढंच ती सांगते. कोणाच्या नावावर काय पडलं, हे ती सांगत नाही. तू 5 एप्रिलला काढलेल्या तेरजेवरून आकडे भरलेस. जुलैत तुमच्या सीएंनी जुन्या वर्षात घसारा टाकला, टेम्पोच्या कर्जाचं व्याज दुरुस्त केलं. त्यांचा ताळेबंद आणि तुझी नवी आरंभीची शिल्लक यांत टेम्पो वेगळा, कर्ज वेगळं, भांडवल वेगळं. दोन्ही कागद आपापल्या जागी जुळलेले आहेत, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मार्चमध्ये सीए हे विचारतील तेव्हा वर्षभराचं काम पुन्हा उपसावं लागेल.

त्या कंत्राटदाराचं खातं बघ. त्याच्याकडून 1,18,400 येणे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तीन बिलं होती: 12 डिसेंबरचं 41,200, 7 फेब्रुवारीचं 35,600, 19 मार्चचं 41,600. तू एकच रकमी आकडा टाकलास, तारीख 1 एप्रिल. बेरीज बरोबर आहे, म्हणून तेरजेला आक्षेप नाही. पण डिसेंबरचं साडेतीन महिने थकलेलं बिल तुझ्या उधारीच्या यादीत एका रात्रीत नवंकोरं झालं. मे महिन्यात त्याने 35,600 दिले. ते कोणत्या बिलाचे, हे तुझं सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. आता तो म्हणतो की डिसेंबरचं बिल त्याने रोख दिलं होतं. तुझ्याकडे बोट ठेवायला ओळ नाही. तीन ओळी टाकायला तुला पाच मिनिटं लागली असती. बिल नंबर, तारीख, रक्कम, मुदत.

देण्यांच्या बाजूला हेच जास्त महाग पडतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसला तर 15 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला आणि वर्ष संपलं तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. 43 बी (एच) म्हणून 2024 मध्ये सगळ्या बाजारपेठेत ज्याची चर्चा होती, तेच हे. पुरवठादाराला 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, व्याजासकट. हे 180 दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात, आणि आधीचे 45 किंवा 15 दिवस माल स्वीकारल्याच्या तारखेपासून. तू सगळ्या तारखा पुसून 1 एप्रिल केल्यास. मग मोजणार कशावरून?

बिलवार आणायचं म्हणून जुनी बिलं नव्या तारखेने विक्री म्हणून मात्र भरू नकोस. माझ्या एका विद्यार्थिनीने हे केलं. तिचा मसाल्यांचा धंदा, इचलकरंजीत. थकलेली बिलं तिने एप्रिलमध्ये सेल्स व्हाउचर म्हणून चढवली. उधारी अगदी बरोबर दिसली. पण जी विक्री मागच्या वर्षी होऊन तिच्यावरचा कर भरून झाला होता ती एप्रिलच्या जीएसटीआर-1 मध्ये पुन्हा गेली, आणि कर पुन्हा भरला. निस्तरायला तीन महिने गेले. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये जुन्या बिलांसाठी वेगळी जागा असते, ग्राहकाच्या खात्यातच, आरंभीच्या शिलकेखाली. तिथेच भरायची.

जीएसटीचं तू एकच खातं केलंस, येणं-देणं वजावट करून निव्वळ आकडा. सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी ही तीन वेगळी खाती आहेत. सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला चालत नाही. पोर्टलवरचा क्रेडिट लेजर उघडून तिन्हींचे आकडे पुस्तकाशी ताडून पाहायचे. जो फरक येईल तो कोणत्या पुरवठादाराच्या कोणत्या मार्चच्या बिलाचा, हे नावानिशी लिहून ठेवायचं.

आणि माल! 5,60,000 चा माल तू 'हार्डवेअर' अशा एका ओळीत टाकलास. नग नाहीत, किलो नाहीत, लिटर नाहीत. म्हणून गुरुवारी तुझ्या स्क्रीनवर चार इंची पीव्हीसी पाईपपुढे वजा 37 दिसत होते. दुकानात पाईप उभे आहेत, मी स्वतः येताना पाहिले, आणि तुझं पुस्तक सांगतंय की नसलेले 37 विकले. गोदामात शिडी लावून मोज. दोन माणसं आहेत, दोन रविवार जातील. तू मोज, त्यांना लिहू दे. उलट नको.

आता काय करायचं ते सांगतो, एकदाच. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सीएंनी सही केलेला ताळेबंद आणि 31 मार्चची तेरीज एक करून घे. मग प्रत्येक खात्याला बाहेरचा पुरावा लाव: बँकेला जुळवणी पत्रक आणि न वटलेल्या चेकची यादी, कर्जाला बँकेचं पत्र, जीएसटीला पोर्टल, टीडीएसला मार्चचं एप्रिलमध्ये भरलेलं चलन, ग्राहक आणि व्यापाऱ्यांना त्यांचे शिल्लक मान्य असल्याचे सहीचे कागद. निदान मोठ्या वीस जणांचे तरी आण. मगच नव्यात एकेक खातं उघडून आरंभीची शिल्लक दुरुस्त कर. व्यापाऱ्याच्या खात्यात चढवलेले ते 3 एप्रिलचे 46,500 काढून टाक, आधीच्या चेकशी जोड. सस्पेन्स शून्य झालं की तेरीज छाप, दोघांनी सही करा, तू आणि वडिलांनी, आणि मार्चपर्यंतची तारीख कुलूपबंद कर, म्हणजे कोणाच्या बोटाने चुकूनही मागचा आकडा हलणार नाही.

जुना संगणक विकायला काढलाय असं तू सहज बोलून गेलास. काढायचा नाही. जीएसटीची पुस्तकं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने दाखवता आली पाहिजेत. जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला तर फाइल उघडणार नाही. आजच प्रत्येक खातेपान आणि रोजकीर्द पीडीएफ करून दोन ठिकाणी ठेव, एक प्रत घरी.

तुला हे सगळं कठोर वाटत असेल. वाटू दे. तुमच्या दुकानातून चार घरं चालतात. बँक उद्या कर्ज देताना हाच ताळेबंद बघेल, आणि तुझ्या वडिलांनी तीस वर्षांत कमावलेलं नाव याच पहिल्या ओळीवर उभं आहे. त्या ओळीत खोटं बसलेलं मी बघून न बघितल्यासारखं करणार नाही.

रविवारी सकाळी नऊला ये. लॅपटॉप आणू नकोस. छापलेली तेरीज, मार्च-एप्रिलची बँक स्टेटमेंटं, चेकबुकाच्या काउंटरफॉइल आणि लाल-निळी पेन्सिल आण. आणि त्याआधी, शनिवारीच, त्या पाईपच्या व्यापाऱ्याकडे स्वतः जा. फोन करू नकोस, पायऱ्या चढून जा. चूक अण्णांची नव्हती, माझी होती, असं त्याच्यासमोर तोंडाने सांग, आणि त्याच्याकडून 31 मार्चच्या शिलकेच्या कागदावर सही घेऊन ये.